पन्नाशीतली मांड

अडथळ्यावरून उडी घोडा मारतो, स्वार मारत नाही. वाक्य बावळट वाटेल, पण उतारवयात शो जंपिंगकडे, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या खेळाकडे, परतणाऱ्यांच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. मागच्या पायांचा रेटा घोड्याचा, मान लांबवून तोल साधणंही त्याचंच. स्वाराने त्याच्या आड यायचं नाही, एवढंच. हे पूर्वी कुणाला पटलेलं नव्हतं. स्वार उडीत मागे रेलायचे, लगाम ओढून धरायचे आणि घोड्याच्या तोंडाला नि पाठीला हिसका बसायचा. इटालियन घोडदळातले अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) यांनी ही रीत मोडली. रिकीब आखूड, बूड खोगिरापासून किंचित वर, धड पुढे आणि हात घोड्याच्या मानेसोबत जाणारे, अशी बैठक त्यांनी रूढ केली. आज जगभर शिकवतात ती हीच.

ताकद घोड्याची असल्यामुळे या खेळात वयाचा हिशेब इतर खेळांसारखा लागत नाही. कॅनडाचे इयन मिलर १९७२ ते २०१२ या काळात दहा ऑलिंपिक खेळले. २००८ मध्ये बीजिंगला सांघिक रौप्य मिळालं तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. ब्रिटनचे निक स्केल्टन २००० साली पडले आणि त्यांची मान मोडली. २००१ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली, पण दुसऱ्याच वर्षी ते पुन्हा खोगिरावर होते. २०११ मध्ये खुबा बदलला, २०१२ मध्ये लंडनला सांघिक सुवर्ण मिळवलं आणि २०१६ मध्ये रिओत, वयाच्या ५८व्या वर्षी, बिग स्टार या घोड्यावर वैयक्तिक सुवर्ण.

स्केल्टन यांचं नाव घेऊन हुरूप येतो खरा, पण आपल्यासाठी हे उदाहरण फसवं आहे. ते आयुष्यभर खोगिरावरच होते. एनसीसीच्या तुकडीत किंवा मुंबई-पुण्यातल्या एखाद्या रायडिंग क्लबात विशीत शिकलेला, मग नोकरी-संसारात घोडा सुटलेला आणि बावन्नाव्या वर्षी परत आलेला माणूस वेगळा. त्याच्या शरीरातल्या सगळ्या गोष्टी एकाच वेगाने परत येत नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे.

उडीतला स्वारासाठी सर्वांत कठीण भाग म्हणजे उतरणं. ढोबळ हिशेब करू. समजा, उडीच्या माथ्यावरून स्वाराचं शरीर ६० सेंटिमीटर खाली येतं. हा वेग घोटा, गुडघा आणि खुबा दुमडून ३० सेंटिमीटरमध्ये जिरवला, तर शरीराला बसणारा सरासरी मंदावण्याचा मार गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट. सांधे आखडलेले असतील आणि जिरवायला १० सेंटिमीटरच मिळाले, तर तोच मार गुरुत्वाकर्षणाच्या सहापट. काही भाग घोड्याचे पाय शोषतात, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे वेगळे येतील. प्रमाण मात्र हेच. प्रशिक्षक ‘टाच खाली’ म्हणून घसा कोरडा करतात, त्याचं कारण हे. टाच खाली गेली की घोटा दुमडतो आणि थांबायला थोडी जास्त जागा मिळते. न जिरलेला मार कंबरेच्या मणक्यांना तर बसतोच, शिवाय खोगिरावर धपकन बसल्यामुळे घोड्याच्या पाठीलाही. तसं वारंवार झालं की शहाणा घोडा उड्या नाकारू लागतो, आणि दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो.

वय वाढतं तसे आधी स्नायूंचे झटपट आकुंचन पावणारे तंतू झिजतात. म्हणून ताकदीपेक्षा झपाटा लवकर कमी होतो. पण स्नायू दोन प्रकारे काम करतो. उठताना तो आखडत जोर लावतो, सावकाश बसताना लांबत जोर धरून ठेवतो. हा दुसरा, ब्रेकसारखा जोर वयस्क माणसांत तुलनेने चांगला टिकतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. उडीतून उतरताना मांड्यांना नेमका हाच जोर लागतो. घरच्या घरी तयारी करायची तर सावकाश खाली जाण्याच्या उठाबशा आणि पायरीच्या कडेला चवडे ठेवून टाचा हळूहळू खाली सोडणं, हे जिममधल्या बऱ्याच यंत्रांपेक्षा उपयोगी. पहिले काही दिवस मांड्या भरून येतील. लांबत काम केलेल्या स्नायूंची ती जुनी खोड आहे.

झपाटा लागतच नाही असं मात्र नाही. घोडा अडखळला, ऐन वेळी बाजूला वळला, तर स्वतःला सावरायला तोच लागतो. आणि इथे मेंदू गोत्यात आणतो.

अंगवळणी पडलेली कौशल्यं लहान मेंदूत आणि मेंदूच्या खोलवरच्या केंद्रांत साठवलेली असतात. नावं, तारखा विसरल्या तरी ती सहसा पुसली जात नाहीत. वीस-पंचवीस वर्षांनी घोड्यावर बसलेला माणूस थोड्याच दिवसांत दुडकीचा ताल पकडतो, कँटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीत, कंबर आपोआप हलू लागते. पाहणारे म्हणतात, ‘अरे, तू काहीच विसरला नाहीस.’ त्यालाही ते खरं वाटतं. अंतर्कर्णात तोल कळवणाऱ्या ज्या केसपेशी असतात, त्या मात्र वयाबरोबर कमी झालेल्या असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रतिक्रियेचा वेळही वाढलेला असतो. आंतरराष्ट्रीय शो जंपिंगमध्ये मिनिटाला ३५० मीटरच्या आसपास वेग ठरलेला असतो, म्हणजे सेकंदाला जवळपास सहा मीटर. प्रतिक्रिया सेकंदाच्या विसाव्या भागाने जरी मागे पडली, तरी घोडा तेवढ्यात फूटभर पुढे गेलेला असतो.

ठरलेल्या उडीत हा फूट फारसा नडत नाही. अनुभवी स्वार तीन-चार टापा आधीच अंदाज बांधतो. घोडा अडथळ्यापुढे थबकला तर मात्र नडतो, कारण तिथे अंदाजाला वावच नसतो. म्हणून मला नवशिक्यापेक्षा परतलेल्या स्वाराची जास्त काळजी वाटते. नवशिक्याला कुणी मीटरभर उंच अडथळा घालून देत नाही. याला देतात, कारण त्याची मांड तशी दिसते.

डोळ्यांचंही तसंच. जपानचे हिरोशी होकेत्सू १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये शो जंपिंग खेळले. पुढे नजर साथ देईना, तेव्हा त्यांनी ड्रेसाज, म्हणजे अडथळ्यांविना चालींची कसरत, हा प्रकार धरला आणि त्यात बीजिंग व लंडनची ऑलिंपिक खेळले. लंडनला ते ७१ वर्षांचे होते. चाळिशीनंतर बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं. त्या भिंगांचा खालचा भाग वाचनासाठी असतो. त्यातून अडथळ्याचा पायथा धूसर दिसतो आणि अंतर चुकतं. अशा चष्म्यांमुळे वयस्क लोक जिन्यात जास्त अडखळतात, हे अभ्यासांत आढळलेलं आहे. घोडेस्वारीला फक्त दूरचा नंबर असलेला वेगळा चष्मा बनवून घ्यावा. नजर पुढच्या अडथळ्यावर असली की डोकंही वर राहतं. साडेचार-पाच किलोचं डोकं खाली झुकलं की सगळा तोल पुढे जातो.

घोड्याचीही अडचण असते. त्याच्या नाकासमोरचा भाग त्याला दिसत नाही आणि लाल-हिरव्यातला फरक त्याला कळत नाही. ब्रिटनच्या शर्यतींत अडथळ्यांवरच्या नारिंगी खुणा २०२२ पासून पांढऱ्या होऊ लागल्या, त्या यामुळेच.

आता पडण्याविषयी. घोडेस्वारीत ‘पडलो तर’ असं नसतं, ‘पडेन तेव्हा’ असतं. खोगिरावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सुमारे अडीच मीटरवर असतं. तिथून पडायला पाऊण सेकंदही लागत नाही आणि आपटण्याचा वेग ताशी २५ किलोमीटर होतो. विशीत यातून खरचटून सुटका होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची घनता काही वर्षं झपाट्याने घटते, पुरुषांची सावकाश. परत सुरू करण्याआधी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घेणं हा मला तरी अतिरेक वाटत नाही.

डोक्याच्या माराबद्दल लोक हेल्मेट घेतात आणि विषय संपवतात. तो तिथे संपत नाही. वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो, कवटी तेवढीच राहते, आणि मधून जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. वरवर किरकोळ वाटणाऱ्या धक्क्यानेही त्यातली एखादी फुटून रक्त हळूहळू साचू शकतं. डोकेदुखी, गोंधळ, झोकांड्या ही लक्षणं काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका वाढतो. अशा माणसाने उड्या घ्यायच्या की नाही, हे प्रशिक्षकाने नव्हे, डॉक्टरांनी ठरवायचं. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्यावं, कारण आतला फोम एकदा चेपला की पुन्हा तसा मार शोषत नाही. हवेने फुगणारं जॅकेट छाती नि पाठ वाचवायला मदत करतं. त्याची दोरी खोगिराला बांधलेली असते आणि स्वार दूर फेकला गेला की जॅकेट फुगतं. घोड्यावरून शांतपणे उतरताना दोरी सोडायची राहिली की ते भर मैदानात फुगतं आणि घोडा बिथरतो.

सराव जमिनीवर मांडलेल्या बल्ल्यांवरून सुरू करावा. त्यांवरून जाताना घोडा टाप जरा जास्त उचलतो, स्वाराला ताल आणि अंतर दोन्ही सापडतात, आणि चुकलं तरी काही मोडत नाही. घोडा वयाने मोठा, थोडा आळशी, स्वाराची चूक पोटात घालणारा निवडावा. तरुण, तापट घोड्याची हौस नंतर. बल्ल्यांवर कंटाळा येईपर्यंत राहिल्यावर गुणाकाराच्या चिन्हासारखा बुटका अडथळा घ्यावा. उंची किती वाढवायची यावर क्लबात वाद होतात, पण एका दिवसात किती उड्या घ्यायच्या, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. थकलेले स्नायू आधी ब्रेकचं काम सोडतात, आणि स्वाराला ते स्वतःला कळत नाही. खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसतं: उतरताना टाच वर येऊ लागते, गुडघा खोगिराला आवळला जातो. प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेवावं की हे दिसलं की त्या दिवसापुरत्या उड्या बंद, मग स्वार ‘अजून एकच’ म्हणून कितीही विनवणी करो.