सिलिंडरवरचा आकडा गॅसचा नाही

‘सिलिंडरवर एक्स्पायरी डेट असते, ती उलटली की स्फोट होतो’ हा मेसेज कित्येक वर्षं घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या शेजारच्या काकूंनी तर धास्तीने भरलेली टाकी रात्रभर गॅलरीत ठेवली. तारीख खरी आहे, तिचा अर्थ मात्र चुकीचा सांगितला जातो.

टाकीच्या वरच्या कड्याला तोलून धरणाऱ्या उभ्या पट्ट्या बघा. त्यांपैकी एकीवर आतल्या बाजूने ‘बी-27’ असं काहीतरी रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. म्हणजे 2027च्या जूनअखेरपर्यंत त्या टाकीची पुढची तपासणी व्हायला हवी. त्या तपासणीत टाकीत पाणी भरून दाब दिला जातो आणि पत्रा टिकतो का, कुठे गळतं का, ते पाहतात. आतला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. तो दुधासारखा नासत नाही.

तारीख उलटलेली टाकी आपोआप फुटत नाही, पण ती घेऊही नका. दारातच बदलून मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि कृपा करून शेगडीची रबरी नळी बघा. तिच्यावरही तारीख छापलेली असते, पाच वर्षांत ती बदलायची असते, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.