फॉरमॅट मारण्याआधी: लिनक्स दुरुस्तीची पार्श्वभूमी

भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यात ज्यांनी संगणक हाताळला, त्यांना मशीन बिघडण्याचं पहिलं कारण सांगावं लागत नाही. लाइट जायची, यूपीएसची बॅटरी बसलेली असायची आणि चालू मशीन धाडकन बंद पडायचं. पुन्हा सुरू करताना काळ्या पडद्यावर ओळी अडकल्या की दुकानातून एकच सल्ला: फॉरमॅट मारा. त्यात गेलेले प्रबंध, हिशेब आणि लग्नाचे फोटो आठवले की मला आजही हळहळ वाटते, कारण बहुतेक वेळा त्याची गरज नव्हती. हे टाळण्याची साधनं लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एकेका बिघाडातून घडत गेली होती.

फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवण्याची पद्धत. १९९३ मध्ये आलेल्या लिनक्सच्या एक्स्ट-२ फाइलसिस्टिमला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नव्हतं. लिहिणं अर्धवट राहिलं तर नेमकं कुठे, हे कळायची सोय नाही. म्हणून एफएससीके हे युनिक्सच्या (लिनक्सच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) परंपरेतलं तपासणीचं साधन अख्खी डिस्क तपासत बसे. मध्येच पुन्हा लाइट गेली की पहिल्यापासून. ज्या फायलींचा पत्ता लागत नसे, त्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये पडत. नाव गेलेलं, नुसता आकडा उरलेला, पण आतला मजकूर पुष्कळदा शाबूत. तिथे डोकावायच्या आधीच किती जणांनी डिस्क पुसली असेल!

नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, २.४.१५ आवृत्तीबरोबर स्टीफन ट्वीडी यांची एक्स्ट-३ ही जर्नल असलेली फाइलसिस्टिम मुख्य कर्नलमध्ये आली. काय बदलायचं ते आधी जर्नलमध्ये नोंदवायचं, मग जागेवर लिहायचं. लाइट गेली तरी पुढच्या वेळी तेवढी नोंद वाचून काम पुरं होतं. नेहमीच्या मांडणीत जर्नल फक्त रचनेचं (कोणती फाइल कुठे आहे याचं) असतं, आतल्या मजकुराचं नाही, त्यामुळे शेवटच्या क्षणी टाइप केलेला मजकूर जाऊ शकतो, फाइलसिस्टिम मात्र वाचते. आमच्या भागाला याहून मोलाचा बदल मला तरी दिसत नाही.

बूटलोडरची, म्हणजे मशीन सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम चालू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, गोष्ट वेगळी. जुना लिलो अडकला की पडद्यावर त्याच्या नावाची जेवढी अक्षरं उमटत, त्यावरून निदान होई: ‘एल-आय’वर थांबला म्हणजे दुसरा टप्पा लोड झाला, पण चालला नाही. पुढे ग्रब हा नवा बूटलोडर आला. शेजारी विंडोज नव्याने टाकलं की डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला त्याचा कोड पुसला जाई आणि लिनक्स ‘उडालं’ असं लोक म्हणत. ते उडालेलं नसायचं, वाट तेवढी बुजलेली असायची. २००० साली क्लाउस क्नॉपर यांनी नॉपिक्स काढलं आणि सीडीवरून चालणारं लिनक्स हाताशी आलं. त्यावरून बूट करायचं (मशीन सुरू करायचं), बिघडलेली डिस्क माउंट करायची (वापरासाठी जोडून घ्यायची), सीएचरूट या आज्ञेने तिच्यावरच्या लिनक्समध्ये शिरायचं आणि ग्रब पुन्हा बसवायचा. आज पेनड्राइव्हवरून हेच करतात.

डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत अपडेट चालू असताना लाइट गेली तर पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) अर्धी उलगडलेली राहतात. तिथे डीपीकेजी या पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला उरलेली सगळी कॉन्फिगर करायला (मांडणी पुरी करायला) सांगितलं की गाडी बहुधा रुळावर येते.

२०१० मध्ये आलेल्या सिस्टमडीने, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्या सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रॅमने, एक नवी अडचण आणली: एफएसटॅब या डिस्कच्या यादीच्या फाइलमध्ये नोंदलेली डिस्क जोडलेली नसेल, तर मशीन थोडा वेळ वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जातं. घाबरलेले लोक इथेही फॉरमॅटकडे वळतात. प्रत्यक्षात त्या यादीतली त्या डिस्कची ओळ काढली किंवा तिला ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय जोडला की पुरतं. कोणती ओळ, ते सिस्टमडीच्या नोंदी दाखवणारी जर्नलसीटीएल ही आज्ञा सांगते; नोंदी डिस्कवर साठवल्या असतील तर मागच्या बूटच्यासुद्धा.