दुसऱ्याच्या पराभवातला अर्धा विजय

28 सप्टेंबर 2011 च्या रात्री बोस्टनमधल्या बेसबॉलप्रेमींवर विलक्षण वेळ आली. न्यूयॉर्क यँकीज जिंकावेत म्हणून त्यांना देव पाण्यात घालून बसावं लागलं. बोस्टन रेड सॉक्स आणि यँकीज यांचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. बोस्टनच्या मैदानावर सामना तिसऱ्याच संघाशी चालू असला, तरी प्रेक्षक मधूनच यँकीजच्या नावाने शिमगा करतात. पण त्या रात्री हिशेबच तसा होता. मोसमातल्या 162 पैकी 161 सामने संपले होते. रेड सॉक्स आणि टॅम्पा बे रेज या दोघांचेही विजय 90 आणि पराभव 71 होते, आणि प्लेऑफमधली, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीतली, जागा एकच उरली होती. रेड सॉक्स बाल्टिमोरला ओरिओल्सशी खेळत होते, तर रेज घरच्या मैदानावर यँकीजशी.

बराच वेळ सगळं बोस्टनच्या मनासारखं चाललं. यँकीज 7-0 ने पुढे होते, रेड सॉक्स 3-2 ने. बाल्टिमोरला पाऊस आला आणि सामना जवळपास दीड तास थांबला. तिकडे आठव्या इनिंगमध्ये रेजनी सहा धावा काढल्या. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये त्यांचे तीनपैकी दोन गडी बाद होते आणि बदली बॅटर डॅन जॉन्सनवर दोन स्ट्राइक लागले होते. तिसरा स्ट्राइक पडला असता तर तोही बाद आणि खेळ खलास. जॉन्सनने चेंडू थेट मैदानाबाहेर धाडून होम रन मारला, 7-7, आणि सामना जादा इनिंगमध्ये गेला. मध्यरात्र उलटली आणि बाल्टिमोरमध्ये रॉबर्ट आंदिनोच्या फटक्यावर ओरिओल्सनी रेड सॉक्सना 4-3 असं हरवलं. त्यानंतर जेमतेम तीन मिनिटांत इव्हान लाँगोरियाने बाराव्या इनिंगमध्ये चेंडू भिंतीपलीकडे धाडला. रेज जिंकले आणि रेड सॉक्सचा मोसम तिथेच संपला.

आपल्याकडेही असं कधीकधी होतं. 2022 च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर मुंबईने दिल्लीला हरवावं म्हणून बंगळुरूचे चाहते मुंबई इंडियन्सचा जयजयकार करत होते, कारण तरच बंगळुरूला पुढे जाता येणार होतं. आपल्याकडे साखळीच्या शेवटच्या दोन-चार दिवसांत घडणारी ही गोष्ट अमेरिकेत सप्टेंबरभर रोज रात्री घडते. चाहता मैदानावर आपला संघ बघत असतो, पण त्याचं निम्मं लक्ष दुसऱ्या शहरात चाललेल्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यावर असतं. या वागण्याला कोतेपणा म्हणणारे मला पटत नाहीत. त्यात गणित आहे आणि मेंदूविज्ञानही आहे.

आधी गणित बघू. मेजर लीग बेसबॉलमध्ये 30 संघ आहेत. दोन लीग, प्रत्येक लीगमध्ये तीन डिव्हिजन आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये पाच संघ. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज सामना असतो. डिव्हिजनमध्ये पहिला येणारा संघ थेट प्लेऑफमध्ये जातो. मागे राहिलेल्यांपैकी मोजक्यांनाच वाइल्ड कार्डची, म्हणजे पहिलं न येताही मिळणाऱ्या जागेची, आशा असते. मुख्य शर्यत लागते ती आपल्याच डिव्हिजनमधल्या चौघांशी.

दोन संघांमधलं अंतर मोजायची पद्धत मजेशीर आहे. विजयांमधला फरक आणि पराभवांमधला फरक यांची बेरीज करायची आणि तिला दोनने भागायचं. समजा, पुढचा संघ 85 जिंकून 60 हरला आहे आणि आपला संघ 82 जिंकून 63 हरला आहे. फरक तीन अधिक तीन म्हणजे सहा, त्याचे निम्मे तीन, म्हणून आपण तीन सामने मागे. आता आज आपण जिंकलो आणि पुढच्या संघाला सुट्टी असली, तर अंतर अर्ध्याने कमी होतं. आपल्याला सुट्टी असली आणि पुढचा संघ हरला, तरी अंतर अर्ध्यानेच कमी होतं. गणिताच्या लेखी या दोन अर्ध्यांत तिळमात्र फरक नाही. आपल्या संघाचा विजय मोलाचा असेल, तर प्रतिस्पर्ध्याचा पराभवही तितकाच मोलाचा. दोन संघ आमनेसामने आले की मात्र एकाच सामन्यात पूर्ण एकाने फरक पडतो. डिव्हिजनमधल्या प्रतिस्पर्ध्यांच्या सप्टेंबरमधल्या लढती एवढ्या अटीतटीच्या होतात त्या यामुळेच.

बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये हा अर्धा सामना डोळ्यांसमोर मांडलेला असतो. डावीकडच्या 37 फूट उंच हिरव्या भिंतीच्या तळाशी 1934 पासूनचा धावफलक आहे आणि तो आजही हाताने चालवला जातो. भिंतीच्या आत चिंचोळी खोली आहे. तिथे बसलेली माणसं फटीतून खेळ बघतात आणि इतर शहरांतल्या सामन्यांचे आकडे पाट्या बदलून लावतात. चेंडू टाकून झालेला नसतो, मैदानात सगळं शांत असतं, आणि मधेच प्रेक्षकांतून गलका उठतो. कुठेतरी दूर प्रतिस्पर्ध्याची एक पाटी बदललेली असते.

सप्टेंबरमध्ये उरलेलं अंतर किती टिकेल, याचा ढोबळ अंदाज कुणालाही करता येतो. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा सम-समान धरा. दोघांचे प्रत्येकी दहा सामने उरले आहेत, ते आपसात खेळणार नाहीत आणि आपण दोन सामने मागे आहोत. निव्वळ नशिबावर आपण बरोबरी गाठू किंवा पुढे जाऊ, याची शक्यता सुमारे 25 टक्के येते. म्हणजे दोन सामन्यांची आघाडी वाटते तितकी सुरक्षित नसते. आता 3 सप्टेंबर 2011 चं उदाहरण घ्या. प्रत्येकी 24 सामने उरले असताना रेड सॉक्स रेजच्या नऊ सामने पुढे होते. याच नाणेफेकीच्या हिशेबाने रेजना बरोबरी साधायची संधी एक टक्काही भरत नाही. रेजनी 24 पैकी 16 जिंकले, ते काही अचाट नव्हतं. रेड सॉक्स मात्र 24 पैकी 18 हरले. ती घसरण पाहिली की नाणेफेकीचं गणित अपुरं पडतं हे दिसतं, कारण दुखापती, थकलेले पिचर (चेंडू टाकणारे) आणि दडपण नाण्याला नसतं.

वर्तमानपत्रं या दिवसांत मॅजिक नंबर छापतात, म्हणजे आघाडीच्या संघाला शर्यत जिंकायला अजून किती पावलं उरली तो आकडा. 163 मधून आघाडीच्या संघाचे विजय आणि दुसऱ्या संघाचे पराभव वजा करा, की तो आकडा येतो. आपण जिंकलो की तो एकाने उतरतो, प्रतिस्पर्धी हरला की पुन्हा एकाने उतरतो. शून्यावर आला की शर्यत संपली. सोपा आणि चोख नियम आहे, पण तो एका वेळी दोनच संघांकडे बघतो. इथेच गोष्ट खरी रंगते.

सप्टेंबर 1996 मध्ये नॅशनल लीगच्या पश्चिम डिव्हिजनमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स आणि सॅन डिएगो पाद्रेज हे दोघेही 78 विजयांवर होते. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स 59 विजयांवर रेंगाळले होते आणि त्यांचे 22 सामने बाकी होते. सगळेच जिंकले तर 81. 81 हा आकडा 78 पेक्षा मोठा, म्हणून नेहमीच्या हिशेबाने जायंट्स अजून जिवंत होते. पण डॉजर्स आणि पाद्रेज यांच्यात आपसातले सात सामने उरले होते. बेसबॉलमध्ये सामना अनिर्णित सुटत नाही. सातपैकी किमान चार कुणीतरी एक जिंकणारच, म्हणजे त्या दोघांपैकी एक जण 82 वर पोहोचणारच. जायंट्सचे आकडे छापणाऱ्यांना कळायच्या आधीच त्यांची शर्यत संपली होती. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या वर्षी रोजच्या गुणतक्त्यावर हे गणित चालवून दाखवलं.

पाच संघ आणि शेकडो उरलेले सामने असतील तर असा अडकलेला गट नजरेने सापडत नाही. त्याची रीत बेंजामिन श्वार्ट्झ यांनी 1966 मध्येच मांडली होती. उरलेल्या प्रत्येक सामन्यातून एक विजय निर्माण होतो आणि तो दोनपैकी एका संघाच्या खात्यात जमा व्हावाच लागतो. आपला संघ उरलेलं सगळं जिंकला असं धरलं, तर आपल्याला मागे टाकू नये यासाठी इतर प्रत्येक संघाला किती विजय झेपतील याची मर्यादा ठरते. आता प्रश्न एवढाच उरतो की उरलेले सगळे विजय या मर्यादा न ओलांडता वाटता येतात का? वाटता आले तर आशा आहे, एक जरी विजय शिल्लक राहिला तर सगळं संपलं. संगणकशास्त्रात याला महत्तम प्रवाहाचा प्रश्न म्हणतात. मालवाहतुकीच्या जाळ्यांसाठी वापरतात तेच गणित इथे चालतं. आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना बेसबॉलचं उदाहरण हमखास देतात आणि मला ते फार आवडतं. ज्या सामन्यात आपला संघ खेळतच नाही, तो सामना कुणीही जिंकला तरी आपल्याला बाहेर काढू शकतो, हे त्यातून लख्ख कळतं.

त्याच 1996 मध्ये शेवटचे तीन सामने उरले तेव्हा डॉजर्स दोन सामने पुढे होते. ते तिन्ही सामने पाद्रेजशीच होते. पाद्रेजनी तिन्ही जिंकले आणि 91 विजयांसह डिव्हिजन नेली, डॉजर्स 90 वर राहिले.

2022 पासून नियम बदलला. पूर्वी डिव्हिजनच्या पहिल्या जागेवर बरोबरी झाली आणि त्यावर प्लेऑफचं तिकीट अवलंबून असलं, तर जादा सामना व्हायचा. आता दोघांमधल्या आपसातल्या लढती कुणी जास्त जिंकल्या ते पाहतात. त्याच वर्षी अटलांटा ब्रेव्हज आणि न्यूयॉर्क मेट्स दोघेही 101 विजयांवर थांबले आणि आपसात 10-9 असे पुढे असलेले ब्रेव्हज पहिले ठरले. 2025 मध्ये टोरांटो ब्लू जेज आणि यँकीज यांचे 94-94 विजय झाले आणि आपसातल्या 8-5 च्या जोरावर टोरांटोने डिव्हिजन जिंकली.

एवढं सगळं हिशेबाचं झालं. पण प्रतिस्पर्ध्याची विकेट गेल्यासारखा आनंद होतो, तो हिशेब करून होत नाही. 2011 मध्येच मिना सिकारा, मॅथ्यू बॉटव्हिनिक आणि सुसान फिस्क यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रेड सॉक्स आणि यँकीजच्या कट्टर चाहत्यांना त्यांनी एमआरआय स्कॅनरमध्ये झोपवून बेसबॉलमधले प्रसंग दाखवले. मेंदूच्या ज्या भागात काम वाढतं तिथे प्राणवायूयुक्त रक्त जास्त येतं आणि स्कॅनर तेवढं टिपतो. आपला संघ हरला किंवा वैरी जिंकला, तेव्हा इन्सुला आणि अँटीरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स हे भाग जागे झाले. वेदनेच्या वेळी हे भाग नेहमी दिसतात. आपला संघ जिंकला किंवा वैरी हरला, तेव्हा मेंदूच्या खोल भागातलं व्हेंट्रल स्ट्रायटम उजळलं, जे बक्षीस मिळाल्यावर उजळतं. त्यातला सर्वांत बोलका भाग असा, की वैरी आपल्याकडून नव्हे, तर ओरिओल्ससारख्या तिसऱ्या संघाकडून हरला तरी चाहत्यांना सुख वाटलं. पडद्यावर दाखवलेल्या त्या प्रसंगांतून आपल्या संघाला गुणतक्त्यात काहीच मिळत नव्हतं. म्हणजे सप्टेंबरचं गणित या आनंदाला जन्म देत नाही. आनंद आधीपासून तिथे असतो, गणित त्याला कारण पुरवतं. सहभागी वीसच्या आत होते, त्यामुळे एवढ्यावर फार मोठे मजले चढवू नयेत.

वैरी कोण ठरतो, याचाही अभ्यास झाला आहे. गॅव्हिन किल्डफ आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल संघांवरून दाखवलं की भौगोलिक जवळीक, सारखेपणा आणि पूर्वीच्या चुरशीच्या लढती यांतून वैर घट्ट होतं. बेसबॉलची डिव्हिजन म्हणजे या तिन्हींची ठरवून केलेली मोट. जवळची शहरं एका गटात, वर्षानुवर्षं त्याच संघांशी वारंवार गाठ, आणि शेवटी एकाच जागेसाठी झगडा.

चुरस वाढली की नजर का हटत नाही, याचा एक धागा प्राण्यांवरच्या प्रयोगांत सापडतो. क्रिस्तोफर फिओरिलो, फिलिप टोब्लर आणि वोल्फ्रम शुल्त्झ यांनी 2003 मध्ये माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली. बक्षीस मिळणार की नाही हे पुरेपूर अनिश्चित असेल, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी असेल, तेव्हा खूण दिसल्यापासून निकाल लागेपर्यंत या पेशींची हालचाल चढत जाते. खात्री असली की ती चढत नाही. माकडांवरून माणसांकडे उडी मारताना जपून राहायला हवं, पण जुलैमधली कंटाळवाणी मॅच आणि सप्टेंबरच्या अखेरीला जीव टांगणीला लावणारी मॅच यांतला फरक कुठल्या दिशेने शोधावा ते यातून कळतं.

सिकारा यांच्या अभ्यासात शेवटी एक प्रश्नावली होती. वैरी संघाच्या चाहत्याची टिंगल करण्यापासून हात उगारण्यापर्यंत काय-काय करावंसं वाटेल, असं विचारलं होतं. वैऱ्याच्या पराभवावर ज्यांचं व्हेंट्रल स्ट्रायटम जास्त उजळलं, त्यांनीच अशा वागण्याची शक्यता जास्त सांगितली. त्यांचा मूळचा तापट स्वभाव हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. या अभ्यासातला हा भाग मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण तो प्रयोगशाळेत थांबत नाही. 31 मार्च 2011 ला लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमच्या वाहनतळावर जायंट्सच्या एका चाहत्याला दोघांनी इतकं मारलं की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. तो मोसमाचा पहिला दिवस होता. शर्यत अजून लागायचीच होती, 161 सामने बाकी होते. 2014 मध्ये हल्लेखोरांनी गुन्हा कबूल केला आणि सुरक्षेतल्या त्रुटींबद्दल ज्यूरीने नुकसानभरपाईचा काही वाटा डॉजर्स क्लबवर टाकला.