गोळाफेकीत ४५ अंश का चालत नाहीत?

अकरावीच्या भौतिकशास्त्रात प्रक्षेप्य गती शिकताना एक निष्कर्ष प्रत्येकाच्या डोक्यात पक्का बसतो: वस्तू जास्तीत जास्त लांब जायला हवी असेल, तर ती जमिनीशी ४५ अंशांचा कोन करून फेकावी. परीक्षेपुरता हा निष्कर्ष बिनचूक आहे. मात्र तोच नियम उचलून शालेय मैदानांवर मुलांना ‘गोळा ४५ अंशांत फेक’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या मुलांचे खरोखर नुकसान होते. जागतिक दर्जाच्या गोळाफेकपटूंच्या हातून गोळा सुटतानाचा कोन मोजला, तर तो बहुतेक वेळा ३० ते ४० अंशांच्या दरम्यान भरतो. हे खेळाडू पाठ्यपुस्तकाचा नियम मोडून इतक्या लांब गोळा कसा टाकतात, याचे उत्तर अतिशय सुंदर आहे आणि ते मिळवायला शालेय गणित पुरते.

उदाहरणासाठी फिनलंडमधील हेलसिंकीचे ऑलिंपिक स्टेडियम घेऊ. ऑगस्ट १९८३ मध्ये तेथे पहिली जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि पुरुषांच्या गोळाफेकीत पोलंडच्या एडवर्ड सारुलने २१.३९ मीटर अंतर गाठून सुवर्णपदक जिंकले. पूर्व जर्मनीचा उल्फ टिमरमन २१.१६ मीटरवर दुसरा आला, तर चेकोस्लोव्हाकियाचा रेमिगियस माखुरा २०.९८ मीटरवर तिसरा. याच स्टेडियममध्ये ३१ वर्षांपूर्वी, १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये, अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने १७.४१ मीटरवर सुवर्ण मिळवले होते आणि त्याचा सहकारी डॅरो हूपर अवघ्या २ सेंटीमीटरने मागे राहिला होता. गोळा दोन्ही वेळी ७.२६ किलोचाच होता आणि वर्तुळाचा व्यासही २.१३५ मीटरच. फरक पडला तो गोळा हातातून सुटतानाच्या वेगात.

तो किती पडला, हे काढता येते. गोळा जमिनीपासून साधारण २.१ मीटर उंचीवर आणि ३७ अंशांच्या कोनात सुटला असे मानू. सुटताना हात वर्तुळापुढच्या लाकडी फळीच्या थोडा पलीकडे गेलेला असतो, तेवढे अंतर या हिशेबात धरलेले नाही. अशा स्थितीत १७.४१ मीटरसाठी सेकंदाला सुमारे १२.४ मीटर वेग लागतो आणि २१.३९ मीटरसाठी सुमारे १३.९ मीटर. म्हणजे वेग १२ टक्क्यांनी वाढला आणि अंतर जवळजवळ २३ टक्क्यांनी, कारण अंतर ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सारुल आणि टिमरमन यांच्यातले २३ सेंटीमीटर वेगाच्या भाषेत मांडले, तर सेकंदाला साडेआठ सेंटीमीटरांच्या आसपासचा फरक निघतो. गोळाफेकीत वेगाला इतके मोल आहे, आणि ४५ अंशांचा सल्ला चुकतो तो नेमका या वेगापाशी.

आधी सोपे कारण पाहू. पाठ्यपुस्तकातला ४५ अंशांचा नियम वस्तू ज्या पातळीवरून सुटते त्याच पातळीवर पडते असे गृहीत धरतो. गोळा मात्र खांद्याच्याही वरून सुटतो आणि जमिनीवर पडतो. उंचीमुळे हवेत राहण्याचा थोडा वेळ त्याला आयताच मिळालेला असल्याने वेगाचा थोडा अधिक भाग पुढच्या दिशेला देणे फायद्याचे ठरते. सेकंदाला १४ मीटर वेग कायम ठेवून गणित केले, तर ४५ अंशांत २१.९० मीटर अंतर मिळते आणि ४२ अंशांत २१.९८ मीटर. म्हणजे उंचीचा विचार केल्यावर सर्वोत्तम कोन ४२ अंशांपर्यंत खाली येतो. अनेक पुस्तके येथेच थांबतात. पण खेळाडू ४२ अंशांतही फेकत नाहीत, आणि खरी मौज येथून पुढे सुरू होते.

वरच्या गणितात आपण नकळत एक गोष्ट मान्य करून टाकली: कोन कोणताही असो, वेग तोच राहील. तोफेच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी चालते, कारण तोफेच्या नळीची दिशा बदलल्याने दारूची ताकद कमी होत नाही. माणसाच्या शरीराचे तसे नाही. गोळा जितका वरच्या दिशेने ढकलावा तितका त्याला देता येणारा वेग कमी होतो, आणि याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण गुरुत्वाकर्षणाचे. गोळ्याचे वजन ७१ न्यूटन आहे. शेवटच्या जोरदार ढकलण्यात हात आणि धड मिळून गोळ्याला साधारण १.६ मीटर अंतरावर सतत रेटत असतात. हा रेटा ३७ अंशांत असेल तर तेवढ्या अंतरात गोळा ०.९६ मीटर वर चढतो आणि त्यासाठी ६९ जूल ऊर्जा खर्च होते. तोच रेटा ४५ अंशांत दिला तर गोळा १.१३ मीटर चढतो आणि खर्च ८१ जूलच्या जवळ जातो. सेकंदाला १४ मीटर वेगाने सुटणाऱ्या गोळ्याची गतिज ऊर्जा सुमारे ७१० जूल असते, त्यामुळे १२ जुलांचा हा जादा खर्च किरकोळ वाटेल. पण तेवढ्याने वेग सेकंदाला सुमारे १२ सेंटीमीटरने घटतो, आणि सारुल व टिमरमन यांच्या वेगांतला फरक याहून कमी होता.

दुसरे कारण आपल्या सांगाड्याचे आणि स्नायूंचे. व्यायामशाळेत जाणाऱ्या कोणालाही ठाऊक असते की सपाट बाकावर झोपून छातीच्या समोर जेवढे वजन उचलता येते, तेवढे तिरप्या बाकावर, म्हणजे ‘इन्क्लाइन प्रेस’मध्ये, उचलता येत नाही, आणि डोक्यावर सरळ उचलायचे म्हटले तर आकडा आणखी खाली येतो. छातीचे मोठे स्नायू हाताला धडाच्या समोर ढकलण्यात सर्वाधिक जोर लावतात. दिशा वर वळली की कामाचा भार खांद्याच्या तुलनेने लहान स्नायूंवर येतो.

ही दोन्ही कारणे एकत्र धरून, कोन एका अंशाने वाढला की वेग सेकंदाला ०.०३ मीटरने घटतो असे मानू. हे प्रमाण खेळाडूगणिक वेगळे असते, पण वास्तवाच्या जवळचे आहे. ४२ अंशांत १४ मीटर वेग देऊ शकणारा खेळाडू या हिशेबाने ३७ अंशांत १४.१५ मीटर वेग देईल आणि त्याचा गोळा २२.०९ मीटरवर पडेल, म्हणजे ११ सेंटीमीटर पुढे. तोच खेळाडू हट्टाने ४५ अंशांत फेकू लागला तर वेग १३.९१ मीटरवर येईल आणि अंतर २१.६४ मीटर भरेल. पाठ्यपुस्तकाच्या आज्ञापालनाची किंमत ४५ सेंटीमीटर! उलट कोन ३२ अंशांपर्यंत उतरवला तर वेग १४.३ मीटर होतो, पण गोळा हवेत पुरेसा टिकत नाही आणि अंतर पुन्हा २१.६४ मीटरच येते. वेगाचा मोह आणि हवेतला वेळ यांच्या रस्सीखेचीत समतोल साधतो तो ३७-३८ अंशांच्या आसपास. न्यूटनच्या नियमांना येथे कोठेही धक्का लागत नाही. त्या नियमांत भरायचे आकडे फेकणाऱ्या शरीराला विचारून भरावे लागतात, एवढेच.

वेग वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे गोळ्याला अधिक अंतरापर्यंत रेटत राहणे, कारण कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. ओब्रायनचे मोठेपण येथे आहे. त्याच्या आधीचे खेळाडू फेकीच्या दिशेला कूस करून उभे राहत. त्याने दिशेकडे पूर्ण पाठ करून सुरुवात केली, वर्तुळात मागे सरकत येऊन १८० अंशांत वळण्याची पद्धत रुजवली आणि गोळ्याचा प्रवेगाचा मार्ग लांबवला. पुढे वर्तुळात गिरकी घेऊन फेकण्याची पद्धत आली. आजचा २३.५६ मीटरचा विश्वविक्रम अमेरिकेच्या रायन क्राउझरने २०२३ मध्ये गिरकीनेच केला. मात्र १९५२ ते १९८३ दरम्यानची सगळी वाढ तंत्राच्या खात्यावर जमा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या दशकांत ताकदीचा व्यायाम शास्त्रशुद्ध झाला, हे खरे. पण याच काळात ॲनाबोलिक स्टेरॉइड्सचा वापरही पसरला आणि पूर्व जर्मनीत तर तो शासनाच्या आश्रयाने चालत होता. त्या काळातले आकडे वाचताना हे विसरता येत नाही.

आज याच वेगाच्या नावाने टायटॅनियमच्या माळा आणि चुंबकीय कडी विकली जातात. गोळ्याचा वेग वाढवायचा तर त्याच्यावर अधिक बल तरी लावावे लागते किंवा ते अधिक अंतरापर्यंत लावावे लागते. गळ्यातली माळ यांपैकी काहीही करत नाही, आणि मनगटावरचा मंतरलेला दोराही करत नाही. असल्या वस्तूंवर खर्च होणारा पैसा चांगल्या बुटांवर आणि आहारावर खर्च व्हावा.

हवेच्या विरोधाचा प्रश्न नेहमी विचारला जातो. गोळा लहान आणि जड असल्याने हा विरोध त्याच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो आणि त्यामुळे अंतर साधारण दहा-बारा सेंटीमीटरने घटते. त्याहून रंजक बाब गुरुत्वाकर्षणाची आहे. हेलसिंकी ध्रुवाच्या अधिक जवळ असल्याने तेथे गुरुत्वत्वरण दिल्लीपेक्षा सुमारे ०.३ टक्क्यांनी जास्त आहे. सारुलची तीच फेक दिल्लीत झाली असती, तर गोळा जवळपास ५ सेंटीमीटर पुढे पडला असता. ओब्रायन आणि हूपर यांच्यातले अंतर याच्या निम्म्याहूनही कमी होते.

अर्थात ३७ अंश हादेखील सर्वांसाठीचा नियम नाही. खांदे मजबूत असलेल्याचा वेग कोन वाढवल्यावर कमी घटेल आणि त्याचा सर्वोत्तम कोन थोडा वर असेल. छातीच्या जोरावर फेकणाऱ्याचा थोडा खाली. उंची कमी असलेल्या शालेय मुलीचे, हलक्या गोळ्याचे गणित आणखी वेगळे. हा कोन प्रत्येकाला स्वतः शोधावा लागतो आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाइल कॅमेरा बाजूला, फेकीच्या दिशेशी काटकोनात, स्थिर ठेवला, तर १४ मीटर वेगाचा गोळा एका चित्रातून पुढच्या चित्रात सुमारे ५.८ सेंटीमीटर सरकलेला दिसतो. चौकटीत माहीत लांबीची एक काठी उभी असेल, तर सुटल्यानंतरच्या दहा-बारा चित्रांतून वेग आणि कोन दोन्ही काढता येतात. मुद्दाम वेगवेगळ्या कोनांत फेकून हे आकडे वहीत मांडले, की आपला वेग कोनागणिक किती घटतो हे कळते आणि आपला स्वतःचा कोन त्यातून निघतो.