पिशवीच्या कॅन्सरवर 'व्हिटॅमिन सी'ची सलाईन : हा दावा आला कुठून?

गर्भाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं की नात्यातलं, ओळखीतलं कुणीतरी 'व्हिटॅमिन सी'च्या सलाईनचं नाव काढतंच. २५ ग्रॅम, ५० ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. या आकड्यांमागे पन्नासहून अधिक वर्षांचा वाद आहे. तो निव्वळ भोंदूगिरीचा असता तर एका वाक्यात निकालात काढता आला असता. पण त्यात नोबेल विजेते आहेत, मेयो क्लिनिक हे अमेरिकेतलं नामांकित रुग्णालय आहे, अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळा आहेत, आणि आजही पूर्ण न मिटलेला एक प्रश्न आहे.

सुरुवात स्कॉटलंडमधल्या व्हेल ऑफ लेव्हन रुग्णालयातली. तिथले सर्जन इवान कॅमेरॉन यांचं म्हणणं असं, की गाठीतल्या पेशी भोवतीचा चिकट थर विरघळवणारं द्रव्य सोडत पुढे सरकतात. तो थर मजबूत ठेवला तर गाठ जागीच थोपवता येईल आणि त्यासाठी 'सी' जीवनसत्त्व उपयोगी पडेल. १९७१ पासून त्यांनी, ज्यांच्यासाठी दुसरा इलाज उरला नव्हता अशा रुग्णांना रोज १० ग्रॅम द्यायला सुरुवात केली: आधी सुमारे दहा दिवस शिरेतून, पुढे तोंडाने. रसायनशास्त्राचं (१९५४) आणि शांततेचं (१९६२) अशी दोन नोबेल मिळवलेले लायनस पॉलिंग त्यांना येऊन मिळाले, आणि १९७६ साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. जीवनसत्त्व घेतलेले १०० रुग्ण, आणि तुलनेला त्याच रुग्णालयाच्या जुन्या कागदपत्रांतून निवडलेले १०००. पहिल्या गटाचं सरासरी आयुष्य २१० दिवस, दुसऱ्याचं ५०.

चौपट! वर्तमानपत्रांना याहून जास्त काही लागत नाही.

गोम तुलनेत होती. 'आता इलाज नाही' असा शेरा ज्या दिवशी पडला, तिथून दोन्ही गटांचे दिवस मोजले होते. पण हा शेरा दोन्हीकडे आजाराच्या एकाच टप्प्यावर पडला होता, याची खात्री काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या विल्यम डिवाइस यांनी दाखवून दिलं, की जुन्या कागदांतल्या सुमारे २० टक्के व्यक्ती शेरा पडल्यावर थोड्याच दिवसांत गेल्या होत्या. जीवनसत्त्वाच्या गटात असं एकही उदाहरण नव्हतं. म्हणजे कॅमेरॉन यांच्या रुग्णांना तो शेरा बहुधा लवकर, तब्येत बरी असतानाच मिळाला होता. घड्याळ आधी सुरू केलं की दिवस जास्त भरतात, औषध काहीही असो. आजही 'आमच्याकडचे रुग्ण जास्त जगले' असं सांगितलं जातं, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुणापेक्षा, आणि कोणत्या दिवसापासून मोजून?

मेयो क्लिनिकने मग चिठ्ठ्या टाकून गट पाडले. १९७९ च्या चाचणीत १२३ रुग्णांचा हिशोब लागला. काहींना रोज १० ग्रॅम, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. फरक पडला नाही. आधीच्या केमोमुळे या रुग्णांची प्रतिकारशक्ती खचली होती, अशी पॉलिंग यांची हरकत आली. म्हणून १९८५ मध्ये आतड्याच्या कॅन्सरचे, केमो न घेतलेले १०० रुग्ण निवडले. तरीही फरक नाही. मोठ्या रुग्णालयांपुरता विषय तिथे मिटला.

पण एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या नजरेतून निसटली होती. मेयोने सगळा डोस तोंडाने दिला होता, कॅमेरॉन यांनी सुरुवातीला शिरेतून. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क लेव्हिन यांच्या गटाने याचं मोजमाप केलं. तोंडाने कितीही घ्या, आतडं ठरावीकच शोषतं आणि जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. दर चार तासांनी ३ ग्रॅम घेतलं तरी रक्तातली पातळी लिटरला सुमारे २२० मायक्रोमोलच्या वर जात नाही. तेच ५० ग्रॅम शिरेतून दिलं तर ती १३,००० च्या पुढे जाते, म्हणजे जवळपास साठपट. २००५ मध्ये याच गटाने प्रयोगशाळेत दाखवलं, की इतक्या पातळीला हे जीवनसत्त्व पेशींभोवती हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं आणि कॅन्सरच्या काही पेशी त्याने मरतात. इथे ते पोषण उरत नाही, औषध होतं, आणि औषधासारखे दुष्परिणामही त्याला चिकटतात. आजच्या सलाईनचा खरा जन्म या मोजमापातला आहे. मोसंबीच्या रसाशी तिचा संबंध नाही.

याला समांतर दुसरी एक धारा चालू होती. बाल्टिमोरचे डॉ. जॉन मायर्स थकवा, दमा, डोकेदुखी यांसाठी मॅग्नेशियम, कॅल्शियम, 'बी' गटातली जीवनसत्त्वं आणि थोडं 'सी' एकत्र करून शिरेतून देत. त्यात 'सी' फार तर काही ग्रॅम. शहरांतल्या वेलनेस सेंटरांत तासाभरात मिळणारी रंगीत ड्रिप या घराण्यातली, आणि गोरेपणासाठी ग्लुटाथायोन मिसळलेली तिचीच धाकटी बहीण. कॅन्सरच्या चाचण्यांतल्या ७५ ग्रॅमशी तिचं काही नातं नाही. जाहिरातीत मात्र एकीचा पुरावा दुसरीच्या नावावर खपवला जातो.

तिसरा प्रकार तर जीवनसत्त्वच नाही. जर्दाळूच्या बियांतल्या अमिग्डॅलिनपासून निघालेल्या लेट्रिलला 'बी १७' हे नाव विक्रीसाठी दिलं गेलं. अमेरिकेत बंदी आल्यावर रुग्ण मेक्सिकोला जाऊ लागले. १९८२ मध्ये १७८ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: उपयोग शून्य, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचलेलं. आपल्याकडे लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा असाच फिरतो. त्या फळझाडातलं अॅनोनासिन चेतापेशींना मारक आहे, आणि कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर त्याच्या नेहमीच्या सेवनाचा पार्किन्सनसारख्या (कंपवाताच्या) आजाराशी संबंध १९९९ मध्येच नोंदवला गेला आहे.

आता गर्भाशयाकडे. आपल्याकडे बोलताना 'पिशवीचा कॅन्सर' यात दोन वेगळे आजार मोडतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतांशी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. आतल्या अस्तराच्या कॅन्सरमागे बऱ्याचदा लठ्ठपणा, मधुमेह आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा लगाम नसलेलं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असतं. हा दुसरा आजार स्वतःहून लवकर हाक मारतो: पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसतं. सोनोग्राफीत अस्तर ४ मिमीपेक्षा जाड दिसलं की त्याचा तुकडा तपासायचा. आजार गर्भाशयापुरताच असताना पिशवी, नळ्या आणि अंडाशय काढले तर दहापैकी नऊहून अधिक स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. म्हणून या कॅन्सरमध्ये 'आधी तीन महिने सलाईन घेऊन बघू' हा सौदा विशेष महाग पडतो.

गर्भाशयाला सगळ्यात जवळचा पुरावा अंडाशयाच्या कॅन्सरमधला आहे. २०१४ मध्ये कॅन्सस विद्यापीठाने तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या २५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं सगळ्यांना; हीच जोडी अस्तराच्या पसरलेल्या कॅन्सरमध्येही वापरतात. काहींना त्यासोबत ७५ किंवा १०० ग्रॅम 'सी', आठवड्यातून दोनदा. केमोचा त्रास कमी झाला. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ २५.५ महिने विरुद्ध १६.७५ दिसला, पण इतक्या कमी रुग्णांत तो फरक योगायोगाचाही असू शकतो. शिवाय कुणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्रास कमी वाटणं हे तर माहितीने सहज बदलतं. पुढे चीनमध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या ४४२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०२२ च्या तिच्या निकालात एकूण गटाला फायदा दिसला नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये आयोवाच्या ३४ रुग्णांत २०२४ मध्ये आशादायक आकडे आले. चित्र हे असं आहे: संशोधन चालू ठेवण्याजोगं, दुकानात विकण्याजोगं नाही. आणि या सगळ्या चाचण्यांत सलाईन केमोच्या जोडीला होती, केमोऐवजी नव्हती.

धोके डोसासोबतच येतात. 'जी-६-पीडी' हे एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या डोसाने फुटतात. ही कमतरता पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत जास्त आढळते. रक्तस्रावाने आधीच ७-८ वर आलेल्या हिमोग्लोबिनला हा धक्का झेपत नाही. 'सी'चं विघटन होऊन ऑक्झलेट बनतं आणि त्याचे खडे मूत्रपिंडात अडकतात. गाठीने मूत्रवाहिनी दाबली असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं हे सांगणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय सुई टोचूच नये. इंजेक्शन सोडियम क्षाराच्या रूपात असतं, ५० ग्रॅमसोबत सुमारे साडेसहा ग्रॅम सोडियम शरीरात जातं; सूज किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना ते जड जातं. तीव्र द्रावण नॉर्मल सलाईनमध्ये मिसळलं तर शीर जळते, म्हणून ते निर्जंतुक पाण्यात हिशोबाने पातळ करतात आणि मिनिटाला अर्धा ते एक ग्रॅम या वेगाने सोडतात. हिशोब चुकून पाणी जास्त झालं तर त्यानेही तांबड्या पेशी फुटतात.

सगळ्यात दुर्लक्षित धोका मात्र घरातल्या ग्लुकोमीटरचा आहे. अनेक पट्ट्यांवर 'सी' जीवनसत्त्व साखरेसारखंच वाचलं जातं, आणि सलाईननंतर कित्येक तास आकडा खोटा, खूप चढा येतो. अस्तराच्या कॅन्सरच्या बऱ्याच रुग्ण मधुमेही असतात. घाबरून इन्सुलिन वाढवलं की खरी साखर कोसळते. त्या दिवशी साखर प्रयोगशाळेतच, 'सी'मुळे न फसणाऱ्या हेक्झोकायनेज पद्धतीने तपासायला हवी.

भारतात कॅन्सर बरा करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे फलकावर 'इम्युनिटी सपोर्ट' असं लिहितात आणि बाकीचं समोरासमोर बोलतात. तरीही कुणी घेणारच असेल तर जी-६-पीडी, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन यांचे अहवाल आधी हातात असावेत, ग्रॅम किती आणि कशात मिसळले हे लेखी मागावं, आणि तो कागद केमो देणाऱ्या डॉक्टरांना पुढच्या सायकलच्या आधी दाखवावा.