ब्लॅक होलचे पर्याय आणि लाइट रिंगचा न मिटलेला वाद : पार्श्वभूमी

ब्लॅक होल म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, त्यात जात नाही. पर्याय हवेत कशाला, तर होरायझन (जिथून आत गेलेलं काहीच परत येत नाही ती सीमा) आणि सिंग्युलॅरिटी (आतला तो बिंदू जिथे घनता अनंत होते आणि गणित मोडतं) या दोन गोष्टी खूप जणांना पहिल्यापासून खटकतात. १९६८-६९ च्या सुमारास बोसॉन ताऱ्याची, म्हणजे बोसॉन जातीच्या कणांच्या, स्वतःच्याच गुरुत्वाने बांधलेल्या गोळ्याची कल्पना आली, २००१ मध्ये ग्रॅव्हास्टार आला, म्हणजे आत डार्क एनर्जीसारखा बाहेर ढकलणारा गाभा आणि वरती पातळ कवच. नंतर स्ट्रिंग थिअरीवाल्यांचे फझबॉल आले, म्हणजे होरायझनच्या जागी स्ट्रिंगचा गुंता. बाहेरून हे सगळे जवळपास ब्लॅक होलसारखेच दिसतात, त्यामुळे खरा प्रश्न एवढाच की असली वस्तू टिकते का.

पहिला मोठा धक्का १९७८ चा. वेगाने फिरणाऱ्या वस्तूभोवती असा पट्टा तयार होऊ शकतो की तिथे कुणालाच स्थिर उभं राहता येत नाही. होरायझन नसेल तर त्या पट्ट्यात अडकलेली लहर वाढतच जाते, कारण तिला गिळून टाकणारं आत काही नसतं. २००८ मध्ये वेगाने फिरणाऱ्या ग्रॅव्हास्टार आणि बोसॉन ताऱ्यांसाठी हिशेब झाला, तेव्हा सूर्याएवढ्या ते सूर्याच्या १० लाख पट वस्तुमानाला ही अस्थिरता ०.१ सेकंद ते आठवडाभरात डोकं वर काढते असं निघालं. पण पृष्ठभागाने थोडी जरी ऊर्जा शोषली तरी ती दबते असंही नंतर दाखवलं गेलं, म्हणून या मुद्द्यावर विषय संपला असं मला वाटत नाही.

खरं भांडण लाइट रिंगवर आहे. दहा सूर्यांएवढ्या, न फिरणाऱ्या ब्लॅक होलचा होरायझन साधारण ३० किमी त्रिज्येचा आणि ४५ किमीवर प्रकाश गोल गोल फिरू शकतो, ती लाइट रिंग. ही अस्थिर असते, जरा ढळला की प्रकाश एकतर आत पडतो नाहीतर बाहेर निसटतो. २०१७ मध्ये एका गटाने सिद्ध केलं की होरायझन नसलेल्या वस्तूला अशी रिंग असेल तर बहुतेक परिस्थितीत आतल्या बाजूला दुसरीही असणार, आणि ती स्थिर असणार. म्हणजे लहरी तिथे खोलगट भांड्यातल्या पाण्यासारख्या साचून राहतात. २०१४ मध्येच अतिघट्ट ताऱ्यांसाठी गणिताने दाखवलं होतं की या लहरी फारच हळू, लॉगॅरिदमच्या वेगाने ओसरतात. त्यावरून तर्क निघाला की साचलेली ऊर्जा शेवटी वस्तूलाच मोडणार. लक्षात घ्या, हा तर्क होता, सिद्धता नव्हती.

२०२२-२३ मध्ये दोन प्रकारच्या फिरणाऱ्या बोसॉन ताऱ्यांची कॉम्प्युटरवर सिम्युलेशन झाली आणि ते तारे खरंच टिकले नाहीत, काही सैल होऊन लाइट रिंग घालवून बसले तर काही कोसळून ब्लॅक होल झाले. मग 'पर्याय संपले' असा सूर लागला, आणि तो घाईचा होता असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दोन प्रकारच्या ताऱ्यांवरून सगळ्या पर्यायांचा निकाल लावता येत नाही. २०२५ मध्ये दुसऱ्या गटाने न फिरणारे, लाइट रिंग असलेले बोसॉन तारे बराच काळ चालवून पाहिले आणि ती अस्थिरता त्यांना दिसलीच नाही.

निरीक्षणाकडून अजून निकाल नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला दोन ब्लॅक होलच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरीनंतर प्रतिध्वनी (होरायझन नसेल तर आतून उलटून येणाऱ्या लहरी) आहेत असा दावा २०१६ च्या शेवटी झाला, इतरांनी तोच डेटा तपासला तर ठोस काही निघालं नाही, पुढच्या शोधांतही नाही. २०१९ चा एम८७ दीर्घिकेतल्या ब्लॅक होलचा फोटो लाइट रिंगच्या आसपासचं सांगतो, होरायझन आहे का ते नाही. हिंगोली जिल्ह्यात होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ती सुरू झाली की टकरीनंतर लहरीच्या शेपटीत येणारे असे बारीक सिग्नल शोधायला आणखी एक डिटेक्टर हाताशी येईल. त्याआधी फिरणाऱ्या ताऱ्यांच्या आणखी मॉडेल्सवर तेवढीच लांब सिम्युलेशन व्हायला हवीत, २०२५ चं काम न फिरणाऱ्यांपुरतंच आहे आणि आकाशातल्या वस्तू तर फिरतात.