गोव्यातली मोडशी आणि उघडा राहिलेला नळ

2025च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला की ज्या पेयाचा फॉर्म्युला डब्ल्यूएचओच्या शिफारशीप्रमाणे नाही त्याच्या पॅकवर ‘ओआरएस’ (जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी) हे नाव छापायचं नाही. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई यासाठी कित्येक वर्षं भांडत होत्या. बातमी आली त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न, म्हणजे इतकी वर्षं पोरांना जुलाब झाले की आपण मेडिकलमधून तो गोड टेट्रापॅक आणून पाजत होतो ते काय होतं? तर ते साखरेचं पाणी होतं, आणि जुलाबात जास्त साखरेचं पाणी दिलं तर जुलाब वाढतात. तेव्हापासून यावर लिहायचं डोक्यात होतं पण वेळ मिळत नव्हता, आणि मग मागच्या महिन्यात एक गोष्ट अशी झाली की लिहायला बसावंच लागलं.

मी फोंड्याला हायर सेकंडरीत बायोलॉजी शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता विद्यापीठात बायोमेडिकलकडे गेलीय, तिचा फोन आला की टीचर आमचं पोस्टर लागलंय, बघायला या. गेले. एका लांबलचक हॉलमध्ये सगळ्या विभागांची पोस्टरं लावलेली, आणि हिच्या एका बाजूला भूगोलाचा मुलगा तर दुसऱ्या बाजूला इतिहासाची मुलगी. हिचं पोस्टर कॉलऱ्याच्या विषावर, त्या मुलाचं गोव्यातल्या फेरीबोटींवर आणि पुलांवर, आणि तिसरीचं 16व्या शतकातल्या गोव्यावर. (16वं शतक मध्ययुगात धरायचं का यावर तिथे एका सरांशी तिचा बराच वाद झाला, आपल्याकडच्या पुस्तकांत धरतात.) तिघांची आधी ओळखही नव्हती, जागावाटपात शेजारी आले एवढंच. पण मी इतिहासाच्या पोस्टरपुढे उभी राहिले आणि तिथून हललेच नाही.

तिथे एका जुन्या पानाची झेरॉक्स मोठी करून लावली होती, अक्षरं फिकट, आणि मध्ये एका शब्दावर पिवळा हायलायटर मारलेला. शब्द होता ‘मोर्शी’. पुस्तक गार्सिया द ओर्ताचं, 1563 साली गोव्यातच छापलेलं. पणजीत चर्चसमोरच्या चौकात ज्याच्या नावाची बाग आहे तोच हा डॉक्टर. 1534 मध्ये गोव्यात आला, इथल्या औषधी वनस्पतींवर आणि रोगांवर संवादाच्या रूपात पुस्तक लिहिलं, मूळचा धर्मांतरित ज्यू घराण्यातला म्हणून मेल्यानंतर 1580 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. तर त्या पुस्तकात तो लिहितो की या रोगाला, म्हणजे कॉलऱ्याला, इथले लोक मोर्शी म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज तो शब्द बिघडवून मोर्देशी म्हणतो. पुढे हाच शब्द फ्रेंचांच्या तोंडी जाऊन ‘मोर द शियाँ’ झाला, म्हणजे शब्दशः कुत्र्याचं मरण! आणि मूळ काय, तर आपली मोडशी. माझी आजी उन्हातून आल्या आल्या आंबट-तेलकट खायला घेतलं की ओरडायची, “मोडशी होईल गो”. आता आपण तो शब्द साध्या अपचनाला वापरतो, पण त्या काळी मोडशी म्हणजे दहा-बारा तासांत माणूस संपवणारी गोष्ट होती. ओर्ता लिहितो नाडी हाताला लागत नाही, कातडी थंड, घामही थंड, डोळे खोल गेलेले, आतून आग आणि प्रचंड तहान, पायात गोळे. कॉलऱ्याच्या शेवटच्या अवस्थेचं याहून नेमकं वर्णन आजच्या पुस्तकातही मिळायचं नाही.

त्याच्याही 20 वर्षं आधी, 1543 मध्ये गोव्यात मोठी साथ आली होती. गास्पार कोर्रेया नावाच्या बखरकाराने लिहून ठेवलंय की मेलेल्यांसाठी चर्चच्या घंटा वाजवायलाच बंदी करावी लागली, कारण त्या थांबतच नव्हत्या आणि लोक घाबरून जात होते. गव्हर्नर होता मार्तिम आफोन्सो द सौझा. त्याने सगळ्या डॉक्टरांना बोलावून इस्पितळात मेलेल्या एका माणसाचं पोट उघडून बघायला लावलं. काय सापडलं? काहीच नाही. फक्त पोट आक्रसलेलं, चिकनवाल्याकडे कलेजीबरोबर पेटा मिळतो ना तसं, आणि भाजलेल्या चामड्यासारखं सुरकुतलेलं. बाकी जखम नाही, सडलेलं नाही, रक्त नाही.

हे वाचून मी त्या माझ्या विद्यार्थिनीला हाक मारली, म्हटलं इकडे ये आणि हे वाच. कारण तिचं अख्खं पोस्टर या ‘काहीच नाही’ चंच उत्तर होतं.

आता जरा नीट सांगते, कारण मला स्वतःला बायोलॉजीत याहून सुंदर काही वाटत नाही. आपल्या लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, त्यांना रसांकुर म्हणतात, आणि त्यांच्या मधल्या खळग्यांतल्या पेशी दिवसभर थोडं थोडं पाणी आत सोडत असतात, अन्न पातळ करायला. सोडतात म्हणजे कसं, तर पेशीच्या आतड्याकडच्या तोंडाला क्लोराइडचा एक दरवाजा असतो. तो उघडला की क्लोराइड बाहेर जातं, ते ऋण भाराचं म्हणून धन भाराचं सोडियम मागोमाग ओढलं जातं, आणि जिथे मीठ तिथे पाणी हा तर नियमच आहे, कापलेल्या कैरीला मीठ लावून ठेवलं की बरणीत पाणी सुटतं तोच. निरोगी माणसात हा दरवाजा गरजेपुरता उघडतो, परत बंद होतो, आणि सोडलेलं पाणी रसांकुरांवरच्या पेशी परत पिऊन घेतात.

कॉलऱ्याचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, आतड्याच्या भिंतीत घुसत नाही, नुसता चिकटून बसतो आणि एक विष सोडतो. या विषाचे 6 तुकडे, 5 एकसारखे गोल रिंगण करून आणि 1 वेगळा मधोमध. ते 5 म्हणजे चावी, पेशीच्या पृष्ठभागावरच्या जीएम-1 नावाच्या मेदाला ते बरोबर पकडतात आणि पेशी स्वतःच ते गाठोडं आत घेते. आत गेल्यावर ते उलट्या वाटेने, म्हणजे प्रथिनं बाहेर पाठवायची पेशीची जी वाट आहे तिच्या उलट दिशेने, पार आतल्या जाळ्यापर्यंत पोचतं. तिथे तो सहावा तुकडा सुटा होतो आणि नीट घडी न पडलेल्या प्रथिनाचं सोंग घेऊन बाहेर पडतो, पेशी त्याला कचरा समजून सोडून देते. मग तो एका स्विचला गाठतो. हा स्विच जी-प्रथिन, एरवी चालू झाला की थोड्या वेळाने आपोआप बंद होणारा. विष त्याच्यावर एक छोटा रेणू चिकटवतं आणि बंद व्हायची सोयच काढून घेतं. स्विच चालू म्हणजे सायक्लिक एएमपी नावाचा पेशीतला निरोप्या रेणू तयार होत राहणार, तो वाढला म्हणजे क्लोराइडचा दरवाजा उघडाच राहणार. (इथे मुलं वर्गात हमखास हरवतात, तुम्ही हरवला असाल तर एवढंच धरा की नळ उघडा राहिला.) या नळातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं, तांदळाच्या धुवणासारखं, पांढुरकं. मोठा माणूस दिवसात 10 लिटरच्या वर पाणी गमावतो, नाडी लागत नाही ती त्यामुळे, पायात गोळे येतात ते त्यामुळे.

आणि पेशी मात्र ठणठणीत! हे कळायला फार वेळ लागला. 19व्या शतकातल्या युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांचं मत होतं की कॉलऱ्यात आतड्याची आतली कातडीच सोलून निघते. 1960च्या सुमारास यूजीन गँगारोसाने बँकॉकमध्ये जिवंत पेशंटच्या आतड्याचे तुकडे काढून तपासले तेव्हा दिसलं की अस्तर जागच्या जागी आहे, मेल्यानंतर कुजून ते सुटत होतं. त्याच सुमारास, 1959 मध्ये, कलकत्त्याला शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी टाकून दाखवलं की जंतू नसले तरी आतडं पाण्याने फुगतं, म्हणजे काम विषाचं. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख 1884 पासून जे म्हणत होता ते 75 वर्षांनी साध्या साधनांनी सिद्ध झालं. नोबेल मिळालेल्या जोशुआ लेडरबर्गने डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं, मिळालं नाही, आपल्याकडेही कितीजणांना हे नाव माहीत आहे सांगा.

म्हणजे 1543 मध्ये गोव्याच्या त्या डॉक्टरांना काही सापडलं नाही यात त्यांची चूक नव्हती, मोडलेलं काही नव्हतंच. आणि ओआरएस चालतं ते याच कारणामुळे. रसांकुरांवर आणखी एक दरवाजा आहे, फिरत्या दारासारखा, त्यातून सोडियम एकटं आत जाऊ शकत नाही, ग्लुकोज एकटं जाऊ शकत नाही, 2 सोडियम आणि 1 ग्लुकोज असे हातात हात घालून आले तरच दार फिरतं. विषाने या दाराला हातही लावलेला नसतो. नळ उघडाच आहे, पण शेजारचा पंप चालू आहे, त्याला साखर आणि मीठ बरोबर प्रमाणात द्या, तो पाणी आत ओढून घेतो. डब्ल्यूएचओच्या पाकिटात 1 लिटरला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं. त्यात सोडियम आणि ग्लुकोजचे रेणू सारखेच, 75 आणि 75, आणि एकूण तीव्रता, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, 245, म्हणजे रक्ताच्या 290हून कमी. कमी आहे म्हणून पाणी आत जातं. टेट्रापॅकमध्ये साखर भरमसाठ आणि मीठ नावाला, तीव्रता रक्ताहून जास्त, मग पाणी उलट शरीरातून आतड्यात येतं. हा सगळा हिशोब एवढाच आहे आणि हा माहीत असून ज्यांनी पाकिटावर ते नाव छापलं त्यांचा मला मनापासून राग आहे.

1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत बनगावला सलाईन संपलं तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि बेकिंग सोडा पिंपात कालवून नातेवाईकांच्याच हातात पेले दिले, 30 टक्क्यांच्या आसपास असलेलं मरणाचं प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं.

भूगोलाचा मुलगा इतका वेळ गप्प उभा होता. त्याचा नकाशा साधा होता, गोव्यातली गावं, पण किलोमीटरने नाही तर पोचायला लागणाऱ्या वेळाने मांडलेली. रायबंदरहून चोडण समोर दिसतं, पण फेरी चुकली की ते लांब जातं. 5 जुलै 1986ला मांडवीचा पूल पडला, नदी तेवढीच राहिली आणि बेती एका दिवसात पणजीपासून दूर गेली. आमच्या वयाच्या सगळ्यांना ते दिवस आठवतात, फेरीच्या रांगा, पावसात. रोगाला अंतर कळतं ते असं, तो मुलगा म्हणाला, आणि मला लंडनचा डॉक्टर जॉन स्नो आठवला. 1854च्या लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास 10 दिवसांत 500हून जास्त माणसं कॉलऱ्याने गेली, स्नोने नकाशावर मृत्यू मांडले हे सगळ्यांना शाळेपासून माहीत असतं. पण नकाशाच्या सुधारलेल्या आवृत्तीत त्याने एक रेषाही काढली, जिच्या आत राहणाऱ्यांना चालत जायला ब्रॉड स्ट्रीटचाच पाण्याचा पंप सगळ्यात जवळ. चालत, रस्त्याने, सरळ रेषेत नाही. मृत्यू त्या रेषेच्या आत दाट आणि बाहेर विरळ. कॉलरा माणसाच्या प्रवासाहून वेगाने कधी जात नाही हेही त्यानेच नोंदवलं. 2013 मध्ये ब्रॉकमन आणि हेलबिंग या शास्त्रज्ञांनी विमानांच्या ये-जा वरून शहरांमधलं ‘परिणामी अंतर’ काढलं, आणि साथ कुठे कधी पोचते ते त्या अंतराशी सरळ जुळलं.

जुनं गोवं, म्हणजे आधीची राजधानी, तर सगळं शहरच जहाजांवर उभं. बंदर, गर्दी, जांभा दगडाची सच्छिद्र जमीन, त्यात शोषखड्डे आणि त्यांच्या शेजारी विहिरी. साथीमागून साथी आल्या, 1759 मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला आला, 1843 मध्ये राजधानीच इकडे आली. 1630च्या दशकात बांधलेला पणजी-रायबंदरचा तो लांब बांध अजून वापरात आहे, मी त्यावरूनच आले होते.

एक सांगायचंच आहे. ओर्ता लिहितो की इथले वैद्य या रोग्याला तांदळाचं पाणी, मिरी आणि जिरं घालून पाजत, त्याला ‘कांजे’ म्हणतात. पेज हो! आणि पेजेतला स्टार्च आतड्यात हळूहळू ग्लुकोज होतो, तीव्रता न वाढवता, तांदळाच्या पिठाचं ओआरएस कॉलऱ्यात चांगलं चालतं हे आधुनिक चाचण्यांत दिसलंय. पण म्हणून “आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं” असा मेसेज कृपा करून फिरवू नका. त्याच पानावर पायाला डाग देणं आहे, डोळ्यात पिंपळी घालणं आहे. आणि गेल्या शतकात आपल्याच गावांत पटकी (म्हणजे कॉलराच) आली की मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडत, गाड्याबरोबर माणसं जात आणि माणसांबरोबर जंतू. आजही जुलाबात पाणी तोडणारी घरं मी बघितली आहेत, शिकलेली. पाणी तोडू नका. पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सुरीने वरचं काढून टाकलेला. मूल सुस्त झालं, लघवी थांबली, काही पोटात ठरत नसेल तर डॉक्टरकडेच.

निघताना बघितलं तर तिघं त्या झेरॉक्सपुढे वाकलेली. बायोमेडिकलवाली विचारत होती, कांजेत मीठ घालत का, कारण मीठ नसेल तर दार फिरणार नाही. इतिहासवालीने ओळीवरून बोट फिरवलं, तांदूळ आहे, मिरी आहे, जिरं आहे, मीठ त्या ओळीत नाही. भूगोलाचा मुलगा म्हणाला, अगं लिहील कशाला, पेज मिठाशिवाय कोण पितं इथे, बांधाच्या दोन्ही बाजूंना मिठागरं होती. ती म्हणाली हा पुरावा होत नाही, आणि पुढचं पान शोधायला मोबाइल काढला.